रिपोर्ट येईपर्यंत

"नवरा गेला तरी ती रडली नाही, तेव्हाच मला शंका आली," शेजारच्या काकू वृषालीच्या सासूला सांगत होत्या. "मालिकेतही असंच निघतं. बायकोनंच जेवणात काहीतरी कालवलेलं असतं."

स्वयंपाकघरात वृषालीला सगळं ऐकू येत होतं. नितीन जेवून झोपला तो उठलाच नाही. तेव्हापासून तिला भूक लागत नव्हती, रडूही येत नव्हतं. पोस्टमॉर्टेममध्ये काही कळलं नाही, म्हणून व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला होता.

"रिपोर्ट येऊ दे. तोवर मी कुणाला काही म्हणणार नाही," सासू टीव्ही लावत म्हणाली. मालिकेतले डॉक्टर जाहिराती संपेपर्यंत खुनी शोधून देत. इथं थंडी सरून उन्हाळा लागला.

शेवटी हवालदार घरी आले. "विष सापडलं नाही, मावशी. पण मृत्यू कशामुळे झाला, ते सांगता येत नाही म्हणतात."

"असं कसं? एवढी मशिनं असतात ना?"

"असतात. तरी कधीकधी नाही कळत."

त्या दुपारी वृषालीनं सासूला ताट वाढलं. सासूनं ते तिच्याकडे सरकवलं.

"आधी तू खा."

वृषालीनं निमूट घास घेतला आणि चावत राहिली. भाजीत मीठ आहे की नाही, तेही तिला कळत नव्हतं.