भरून ठेवलेलं पाणी

रुग्णालयाच्या तळघरात फिटरकाकांनी पाइप कापून दिला.

तपासनीस बाईंनी तो वीतभर तुकडा बॅटरीच्या उजेडात धरला. वेल्डिंगचा जोड आतून गुळगुळीत होता. त्याच्यापासून बोटभर अंतरावर, पाइपच्या तळाशी एक तपकिरी ठिपका होता. गळती तिथून होती.

"स्टेनलेसला गंज चढत नाही म्हणतात," रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणाले. "कामाला चढत असेल."

इमारत सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि अकरा ठिकाणी पाणी झिरपत होतं. हे पाइप बसवणाऱ्या फिटरकाकांचा परवाना रद्द करावा, असं पत्र व्यवस्थापकांनी टाइप करून आणलं होतं. ते पाठवायला बाईंचा अहवाल तेवढा हवा होता. त्याच परवान्यावर काकांचा मुलगाही काम करत होता.

"माझा जोड गळला असेल तर हात कापून देतो," काका म्हणाले.

"हात असू द्या. आणखी दोन तुकडे कापून द्या."

काकांनी करवत चालवली. तिन्ही तुकड्यांत तेच दिसलं. ठिपक्याचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं, आत मात्र तांदळाचा दाणा मावेल एवढी पोकळी. आणि सगळे ठिपके आडव्या पाइपांच्या तळाशी.

"उभ्या पाइपांत एकही गळती नाही," बाई म्हणाल्या. "जोड तिथेही यांचेच आहेत."

व्यवस्थापकांनी पत्राची घडी घातली, पण ते खिशात ठेवलं नाही.

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. स्टेनलेसवर एक अतिशय पातळ कवच असतं. तेच त्याला वाचवतं. पाणी वाहतं असलं की कवच टिकतं. साचलं की तळाशी गाळ बसतो, गाळाखाली जिवाणू वाढतात, आणि तेवढ्याच जागी कवच फुटतं. मग गंज आतल्या आत पोखरत जातो.

"दाबाची चाचणी घेतल्यावर पाणी सोडून दिलं होतं?" त्यांनी काकांना विचारलं.

"नाही. सात महिने भरलेलं होतं."

"घ्या," व्यवस्थापक म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल झाले."

"अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?" काका म्हणाले. "तपासणी कार्यालयाचं परिपत्रकच आहे तसं. चाचणीनंतर पाइपांत पाणी भरून ठेवावं..."

"...आणि इमारत ताब्यात देईपर्यंत ते काढू नये," बाईंनी वाक्य पुरं केलं.

"पाठ आहे की तुम्हाला."

"हो. लोखंडी पाइपांसाठी होतं ते. लोखंड अर्धवट ओलं राहिलं तर जास्त गंजतं. पुढे स्टेनलेस आलं, परिपत्रक मात्र तेच राहिलं." बाईंनी तुकड्यांवर क्रमांक घातले. "आत्ता अशा किती इमारती भरून ठेवल्यात?"

"माझ्या दोन. बाकीच्यांच्याही असतील, सगळे नियमानेच चालतात."

"तुमच्या दोन आजच रिकाम्या करा. हवा सोडून आतून वाळवा. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत कार्यालयातून निरोप जाईल."

काकांनी मुलाला फोन लावला आणि झडपांचे क्रमांक सांगत जिन्याकडे गेले.

बाईंनी अहवालाचा छापील कागद गुडघ्यावर घेतला. कारण दोन ओळींत लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता. तोही त्यांनी न थांबता भरला आणि कागद पुढे केला.

व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला.

"बाई, तुमचं नाव इथे नाही, शेवटच्या ओळीत यायला हवं. हा रकाना चूक कोणाची, त्याचा आहे."

"बरोबर रकान्यात आहे," बाई म्हणाल्या. "ते परिपत्रक मी लिहिलंय."