चाळीस दिवसांची चिठ्ठी

चिठ्ठ्यांचा डबा देवकीपुढं आला तेव्हा पुष्पलता तो अडवायला अर्धवट उठलीच.

देवकी नुसती सोबत म्हणून आली होती. हॉस्टेलपासून यमुताईंच्या घरापर्यंतचा रस्ता सुनसान, एवढंच. पण ते यमुताईंना कोण सांगणार? मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या त्या. पुढ्यात आलेल्यानं औषध घ्यायचंच, असा खाक्या. त्यांनी बिस्किटांचा जुना डबा देवकीच्या मांडीवर ठेवला, हातात कागदाचा कपटा दिला.

"ज्याला देव अजून भेटलेला नाही, अशा एकाचं नाव लिही, बाळ. एकच."

"पण मी हिंदू आहो ना, ताई. चालते?"

"नाव लिहायला सगळं चालतं."

देवकीनं पुष्पलताकडं एकदा पाहिलं. मग तळहाताचा आडोसा करून लिहिलं आणि चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकली.

पुष्पलतानं आपल्या कपट्यावर आधीच लिहून ठेवलं होतं : देवकी.

मग डबा हलवून प्रार्थनामंडळातल्या प्रत्येकीनं एकेक चिठ्ठी उचलली. उघडायची मात्र नाही. उपवासाचे चाळीस दिवस त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना करायची, आणि ईस्टरच्या पहाटे चिठ्ठी उघडायची. यमुताईंची ही रीत होती.

"कोणाचं लिहिलंस?" परतताना पुष्पलतानं विचारलं.

"सांगायचं नसते म्हणे. तूच सांगून राहिली होती ना?"

पुष्पलताला वाटलं, देवकीनं आपल्या वडिलांचं लिहिलं असणार. रामटेकजवळ रुपरावांची धानाची शेती. थोरला पोरगा गेला तेव्हापासून त्यांनी रामाच्या दर्शनाला गडावर पाऊल ठेवलं नव्हतं.

खोली नंबर अकरामधलं त्यांचं ते तिसरं वर्ष. बी.ए.चं शेवटचं. खिडकीत संत्र्यांच्या साली वाळत असायच्या, त्यांचा वास वह्यांना, उशांना, वेण्यांनाही. देवकीला कागद दिसला की आधी त्याच्या माथ्यावर 'श्री' काढायची सवय, खाली दोन रेघा. उत्तरपत्रिका असो, आईला पत्र असो.

"धोब्याच्या यादीवरसुद्धा श्री?" पुष्पलता हसायची.

"कपडे हरवत नाईत मंग. अन् खोलीचा नंबर टाकला की चुकतही नाईत."

जेवताना पुष्पलता डोळे मिटायची, तोवर देवकीही घास हातात धरून थांबायची. भाकर निवून जायची, पण कधी पुढं जेवली नाही. एकदा तिनं विचारलं, "रोज काय मागतेस वं, डोळे मिटून?"

"काही नाही. सवय आहे," पुष्पलता बोलून गेली.

देवकीनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

पुष्पलताचे वडील चर्चचे पाळक. त्यांच्या प्रत्येक पत्राचा शेवट एकच : 'देवकीशी बोललीस का?' त्यांनी दिलेलं शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी पडलेलं. बोलायचं तर काय बोलायचं? देवकी दुखावली तर? निवलेली भाकर हातात धरून बसणारी अशी मैत्रीण पुन्हा कुठं मिळायची? आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती, ती वडिलांना लिहिता येत नव्हती. बायबलातली वचनं तिला बाराखडीच्याही आधीपासून पाठ. पण अलीकडं प्रार्थना म्हणजे रिकाम्या वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. नाव पुकारायचं, 'हजर' कुणी म्हणायचं नाही.

चिठ्ठीवाल्यासाठी मागताना मात्र तसं होत नसे. कोण बाई, कोण बाप्या, काही ठाऊक नाही. ती घडी मुठीत धरून म्हणायची, "प्रभू, हा जो कोणी आहे ना, त्याला एकटं वाटत असेल. त्याच्या दारी जा. त्यानं नाही उघडलं तरी थांब." कधीकधी डोळे भरून यायचे. परक्या माणसासाठी! तिचं तिलाच नवल वाटायचं.

ईस्टरला चार दिवस राहिले तेव्हा तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि देवकीला घेऊन सक्करदऱ्याच्या तलावावर गेली. पाण्यावर ऊन उतरलं होतं. पायऱ्यांवर दोघी बसल्या.

"देवकी, तुला एक द्यायचं होतं."

"दे ना मंग."

हात पिशवीत गेला. बोटं पुस्तकाला लागली. शेजारीच संत्रं होतं. बाहेर आलं ते संत्रं.

"बस? एवढ्यासाठी इतकं तोंड पाडून बसली होती?" देवकीनं ते सोललं आणि अर्ध्या फोडी तिच्या तळहातावर ठेवल्या. "खाय. गोड आहे."

त्या संत्र्याची चव पुष्पलता जन्मात विसरली नाही.

ईस्टरच्या पहाटे जाग आली ती स्टोव्हच्या आवाजानं. देवकीनं तिच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं, पांढरं पातळही घडी मोडून खुर्चीवर टाकलेलं.

"ऊठ वं! तुया देव उठला असन, अन् तू झोपूनच?"

यमुताईंच्या अंगणात गाणं झालं, प्रार्थना झाली. पूर्वेला फटफटलं. चिठ्ठ्या उघडायला लागल्या. शेजारच्या कौशल्यानं आपली वाचली, "देवकी."

पुष्पलताची मान खाली गेली. चाळीस दिवस! कौशल्यानं न बघता तिच्यासाठी हात जोडले, आणि आपण रात्रंदिवस एका खोलीत राहून एक शब्द बोललो नाही. आता पेपर संपले की देवकी गावी जाणार.

"तुझी उघड, बाळ," यमुताई म्हणाल्या.

मुठीत धरून धरून कागद कापसासारखा मऊ झाला होता. तिनं घडी जपून उलगडली.

कागदाच्या माथ्यावर, मधोमध, 'श्री' होतं. खाली दोन रेघा. आणि त्याखाली गोल गोल अक्षरात : पुष्पलता, खोली नंबर अकरा.