एक भलताच मणी

"सर, चूक आईकडून येते की वडिलांकडून?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ती उभी राहिली होती. या सरांना प्रश्न विचारणं म्हणजे ओरडा मागून घेणं. अख्खी शाळा त्यांना कात्री म्हणायची.

सर प्रथिनं शिकवत होते. मूळ सूचना डीएनएमध्ये, पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद. बाहेर जाते ती नक्कल. ती वाचत वाचत पेशी एकेक अमिनो आम्ल जोडते. सरांनी दोऱ्यात मणी ओवून दाखवले आणि मध्येच मुद्दाम एक भलताच मणी घातला. "एवढ्यानं हिमोग्लोबिन बिघडतं. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. हाच सिकल सेल."

तिच्या पाठच्या भावाला तोच होता. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकायचे आणि तो उशी चावून रडायचा. डॉक्टरांनी आईबाबा दोघांना रक्त तपासायला सांगितलं होतं. तपासलं फक्त आईनं. तिच्यात दोष निघाला आणि बाबांना तेवढं पुरलं.

सरांनी खडू आपटला. "लक्ष कुठे होतं? प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. या आजाराला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. आता बस, आणि तोंड मिट."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. तिला हसू ऐकूच आलं नाही.

घरी आत्या येऊन बसली होती, बॅगेसकट. भाऊ आत कण्हत होता. आई गरम पाण्याची पिशवी भरत होती.

"मामाच्या वळणावर गेलंय पोरगं," आत्या म्हणाली. "तोही असाच तडफडून गेला. आमच्यात कुणाला आहे का असलं काही?"

"पुरे झालं," बाबा आईला म्हणाले. "उद्या तुला माहेरी सोडतो. कायमची. माझ्या पोराच्या रक्तात विष कालवलंत तुम्ही लोकांनी. त्याचं आता ताई बघेल."

पाणी पिशवीबाहेर सांडलं. आईनं हात मागे घेतला नाही.

लेकीनं आईच्या हातातून किटली काढून घेतली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आई कुठेही जाणार नाही. उद्या मी माझं रक्त तपासून घेणार. आणि बाबा, माझ्या आधी तुमचं."

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी."

"आईपण ठणठणीतच आहे, बाबा."