साठ टक्के ओलावा

टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा श्यामला सापाचा डबा छातीशी धरून जिना चढत होती. डब्यात सोन्या होता, मुरलीधरकाकांचा लाडका अजगर. वेटोळं करून, डोकं आत खुपसून अगदी गप्प. तिने डबा वरच्या आपल्या खोलीत नेला, पलंगाशेजारच्या स्टुलावर काळ्या पडलेल्या भिंतीला टेकवून ठेवला आणि पाऊल न वाजवता खाली आली. आज ती काकांना सोडणार नव्हती.

लंडनच्या पिनर भागातलं हे घर काकांचं. वरची मागची खोली श्यामला आणि तिच्या सहा वर्षांच्या स्वरालीकडे भाड्याने होती. श्यामला जवळच्या म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. नवरा नागपूरला, त्याचा व्हिसा अजून अडकलेला. "आपली मराठी माणसं म्हणून देतोय हो," असं म्हणत काकांनी किल्ली दिली होती. पहिल्याच हिवाळ्यात भिंतीला बुरशी चढली. दुसऱ्या हिवाळ्यात ती स्वरालीच्या छातीत उतरली. डॉक्टर म्हणाले, पंप देतो, पण खोली बदला. खोली काय साडी आहे बदलायला? या भाड्यात लंडनजवळ कबुतराला जागा मिळत नाही.

तिने काकांना भिंतीचे फोटो दाखवले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"फोटोत सगळंच काळं दिसतं गं. आणि ओल येणार नाही तर काय होईल? रोज कुकर लावतेस. कपडे आतच वाळत घालतेस. शिवाय रात्रभर दोघी जणी श्वास सोडता."

"मग काय करू काका, श्वास आवरता घेऊ?"

"खिडकी उघडी ठेवत जा."

हे जानेवारीत. वर येऊन भिंत बघायची म्हटली की मात्र काकांचे गुडघे दुखायचे.

सोन्याची गोष्ट वेगळी. तो बैठकीत काचेच्या पेटीत राहायचा. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा, लपायच्या खोक्यात ओलं शेवाळ, हवेतला ओलावा दाखवायला या टोकाला एक मीटर आणि त्या टोकाला एक. काटा साठच्या खाली उतरला की काका स्प्रेची बाटली घेऊन धावायचे. फार वर चढला की पेटीशेजारचं हवा सुकवायचं मशीन घरघरायला लागायचं. श्यामलाने एकदा ते मशीन रात्रीपुरतं मागितलं.

"अगं, ते सोन्याचं आहे," काका म्हणाले. जणू तिने त्यांचा टूथब्रशच मागितला होता.

आणि पुण्याला जायची वेळ आली तेव्हा हाच सोन्या तिच्या गळ्यात घालून गेले. वरून शिकवणीही घेतली. "हवा कोरडी झाली तर कात अंगालाच अडकून बसते. पण ओल जास्त झाली तर त्याहून वाईट. फुप्फुस धरतं. श्वासात बारीक शिट्टी ऐकू आली की समजायचं, गेलं पोर हातचं. नाजूक जीव आहे गं."

नाजूक जीव! श्यामलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका गेले त्याच संध्याकाळी ती पाण्याने भरलेला तांब्या घेऊन पेटीसमोर उभी राहिली. भुसा भिजवायचा. हवेच्या जाळ्या फडक्याने बुजवायच्या. मशीन बंद. पुढचं काम ओल करेल, आणि काका दोष द्यायला कुकर शोधत बसतील. इतक्यात सोन्याने शेवाळातून तोंड बाहेर काढलं आणि जीभ लपलपवत तिच्याकडे बघितलं. तिने तांब्या खाली ठेवला. या मुक्या जिवाने तिचं काय घोडं मारलं होतं? त्यानंतर ती रोज मीटर बघत गेली, शेवाळ भिजवत गेली. सोन्याची कात शेपटीपर्यंत अखंड निघाली. राग मात्र निघाला नाही. तो लोणच्यासारखा मुरत राहिला.

"सोन्या! आलो रे मी!" काका बूट न काढताच बैठकीत शिरले आणि रिकाम्या पेटीसमोर थिजले.

"वर आहे. माझ्या खोलीत," श्यामला म्हणाली.

त्या गुडघ्यांनी दोन-दोन पायऱ्या एकदम घेतल्या. ती सावकाश मागून चढली.

खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर रजयांचा ढीग, स्टुलावर डबा. काकांनी नाकाला रुमाल लावला. मग त्यांचा हात तसाच राहिला. अंधारात बारीक शिट्टी वाजत होती. श्वासागणिक, आत आणि बाहेर.

"फुप्फुस धरलं! किती दिवस ठेवलंस याला इथे?"

"खिडकी उघडी असते, काका."

"खिडकीने काय होतंय? भिंत बघ ना! बोट लावलं तर पाणी लागतंय बोटाला. ही बुरशी दिसली नाही तुला? अशा हवेत जिवंत प्राणी ठेवतात? एक रात्रसुद्धा ठेवू नये! या देशात कायदा आहे, माहितेय? असं करणाऱ्याला आत टाकतात, आत!"

श्यामलाने त्यांना बोलू दिलं. सगळं बोलून झालं, काका डब्याचं झाकण काढायला वाकले, तेव्हा ती पलंगाशी गेली आणि तिने भिंतीकडची रजई अलगद खाली ओढली.

"सोन्याला आत्ता, तुमची टॅक्सी आली तेव्हा वर आणलंय. ठणठणीत आहे तो," ती म्हणाली. "शिट्टी स्वरालीच्या छातीत वाजतेय, काका."