सासूबाईंची साखळी

"जी मला खरा जीव लावेल, तिला माझी चांदीची साखळी," असं सासूबाई नेहमी म्हणायच्या. त्या साखळीपायी मी रोज त्यांचे पाय चेपले आणि थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या डोक्याला तेल चोळलं. सासूबाई गेल्यावर पेटी उघडली, तर साखळी गायब. तेव्हापासून केस पिकेपर्यंत कुठल्याही लग्नात माझी नजर आधी जाऊबाईंच्या गळ्याकडे जायची. त्याही माझ्या गळ्याकडे टक लावून बघायच्या. मी मनात म्हणायची, काय हा साळसूदपणा!

परवा आमच्या जुन्या घराच्या परसात विद्यापीठाची मंडळी खणायला आली. आपल्या आधीच्या पिढीतली माणसं पाळलेली जनावरं कशी पुरायची, याचा ती अभ्यास करतात. आम्ही दोघी जावा दोन बाजूंना खुर्च्या टाकून बघत बसलो. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणाआधी स्वतःच्या हातांनी पुरलेली त्यांची मांजर निघाली. संशोधक मुलीने ब्रशने माती झाडली, तर मानेच्या हाडांभोवती काळी पडलेली चांदीची साखळी.

"इतक्या मानानं पुरलेलं मांजर आम्हाला अजून कुठेच मिळालं नव्हतं," ती मुलगी हरखून म्हणाली. "घरात सगळ्यांत लाडकी हीच असणार."

जाऊबाई खुर्ची ओढत माझ्याजवळ आल्या आणि फणकारल्या, "लाडकी म्हणे! धाकटे, तूच सांग, मेलीनं आयुष्यात एक उंदीर तरी धरला होता का गं?"