मोरागची ओळ

ओलं लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करायचं, तर गाणं हवंच. स्कॉटलंडच्या त्या खेड्यात बायका समोरासमोर बसून एका तालात कापड आपटत होत्या. रीत अशी, की प्रत्येक पोरीच्या नावाला एका तरुणाचं नाव जोडून ओळ रचायची, आणि साऱ्यांनी ती पुन्हा म्हणायची.

मोरागची पाळी आली, आणि गाणं तिला ओलांडून पुढे गेलं.

"तिला कशाला नवरा? पोर तर आहेच!" युएनची आई हसली. कापड तिच्या लेकाच्या लग्नाच्या कोटाचं होतं.

संतापानं मोरागनं कापड असं आदळलं, की पाणी समोरच्यांच्या तोंडावर उडालं. पायाशी टोपलीत तिचं बाळ झोपलं होतं. बाप कोण, हे तिनं चर्चच्या पंचांना सांगितलं होतं; त्यांनी तिलाच खोटारडी ठरवलं आणि बाळाचा बाप्तिस्मा अडवला.

तिनं आवाज चढवला. "मोरागचा युएन! टोपलीतल्या लेकराचा बाप युएन!"

"थांबवा गं ते गाणं!" युएनची आई किंचाळली.

पण कापड ओलं असताना गाणं थांबलं, तर ते अंगावर घालणाऱ्याला लाभत नाही, हे तिनंच आजवर पोरींना बजावलं होतं. क्षणभर नुसते हात आपटत राहिले. मग एफी म्हातारीनं ओळ उचलली, आणि तिच्यामागून एकेक करत साऱ्याजणींनी.

"तूही म्हण की गं," म्हातारी म्हणाली. "लेकाचाच कोट आहे ना?"

युएनच्या आईनं दातओठ खात नातवाच्या बापाचं नाव घेतलं.