चाळीस मिनिटांचे टाके

मिरजेतल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात एकोणीस वर्षांचा प्रज्योत एस्तेर सिस्टरांसमोर बसला होता. त्याच्या दंडावर चाकूचा वार होता.

"दिवा लावा ना सिस्टर, लवकर. मला चाकू मारणारा केदार अजून चौकातच असेल."

दवाखान्यातला नवा निळा दिवा दीड मिनिटात जखम मिटवायचा. हा दिवा आल्यापासून पोरं भांडून यायची आणि दंड पुसून तडक भांडायला परत जायची. सिस्टरांना जुने दिवस आठवले. तेव्हा बारा टाक्यांना चाळीस मिनिटं लागायची. पोरगा आधी शिव्या द्यायचा, मग घरचं सांगायला लागायचा, आणि उठेपर्यंत त्याचा राग निवलेला असायचा.

"आज हाताने टाके घालू का?" त्यांनी विचारलं. "वेळ लागेल."

"कशाला पण?"

"अर्ध्या तासात तुला पुन्हा इथे उचलून आणलेलं मला बघायचं नाही."

प्रज्योतने एकदा दाराकडे पाहिलं. मग त्याने दंड पुढे केला.

सिस्टरांनी दंड बधिर केला आणि कपाटातून सुई-दोरा काढला. तिसऱ्या टाक्याला तो केदारला शिव्या घालत होता. सातव्याला म्हणाला, "पहिलीपासून एका बाकावर बसायचो आम्ही." मग त्याला रडू फुटलं. सिस्टर सावकाश टाके घालत राहिल्या.

आठव्या दिवशी तो टाके काढायला आला. त्याच्यामागे एक उंच मुलगा अवघडून उभा होता.

"हा केदार," प्रज्योत म्हणाला. "याने टाके कधी बघितलेच नाहीत."

"मग जवळून बघ," म्हणत सिस्टरांनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं.